उजवा बर्फातच राहिला

मी बर्फात घालायचा हातमोजा बोलतोय. डाव्या हाताचा. माझा उजवा जोडीदार दूर उत्तराखंडात बर्फाखाली राहिला. इथं राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावात भर उन्हातही मधूनच माझी बोटं आखडतात, तेव्हा मला त्याची थंडी लागते.

सोमनाथ आणि कुमार, दोघं पालीचेच. ट्रेकर्सना राजगडावर न्यायचे. पुण्याच्या एका ग्रुपला त्यांचा लळा लागला आणि त्यांनी दोघांना स्की शिकायला सोबत नेलं. त्यासाठी सोमनाथनं आमची जोडी विकत घेतली.

शिकवणारे सर पहिल्या दिवशी फक्त थांबायला शिकवत होते. स्कीची पुढची टोकं जवळ आणा, टाचा लांब करा. पडणारच असाल तर कुशीवर पडा, हात पुढं टेकू नका. आतून सुती कपडे घालू नका, घामानं भिजले की अंगावर गार पडतात. हद्द दाखवायला रोवलेल्या झेंड्यांच्या पलीकडं जाऊ नका. आणि पाय थरथरायला लागले की तुमचा दिवस संपला.

कुमारनं सगळं मन लावून ऐकलं. सोमनाथ हसत होता. गडाच्या कड्यांवर वाढलेल्या माणसाला हा लहान मुलांचा उतार वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. सर बाकीच्यांना घेऊन खाली निघाले, हे दोघं मागं रेंगाळले. कुमारचा उजवा हातमोजा भिजला होता, त्याचे पाय लटपटत होते.

"बास झालं, सोम्या," तो म्हणाला.

सोमनाथनं त्याला भित्रा म्हटलं. वर आपला उजवा मोजा काढून त्याच्या हातात चढवला. अजून एकदाच, म्हणाला.

सोमनाथ पुढं गेला, कुमार मागून. धुक्यात झेंडे दिसेनासे झाले. मग मागं एक आवाज झाला, फार मोठा नाही. कुमार खडकाजवळ सापडला तेव्हा श्वास थांबला होता. हातातला मोजा कुठं उडाला ते कळलंच नाही.

गावात परतल्यावर सोमनाथनं सांगितलं, कुमारच ऐकेना. त्याला थांबवायला गेलो, पण तो निघालाच. सगळ्यांनी मान डोलावली. कुमारची आई सगुणाबाई उठून आत गेली.

सोमनाथनं मला खुंटीला अडकवलं. टाकूनही देईना आणि बघेनाही. घरात कुणी सहज "बास झालं" म्हटलं, तरी त्याच्या हातातला घास खाली यायचा.

या डिसेंबरात भोरची सृष्टी नावाची मुलगी माहिती विचारायला त्याच्याकडं आली. महिन्याभरानं मैत्रिणींबरोबर स्कीला जाणार होती. सरांनी सांगितलेलं सगळं सोमनाथनं तिला नीट समजावलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "दादा, मी दमले आणि मैत्रिणी चल म्हणाल्या तर?"

सोमनाथनं वही मिटून तिच्या हातात दिली. ती गेल्यावर त्यानं मला खुंटीवरून काढलं आणि सगुणाबाईचं घर गाठलं. ती तांदूळ निवडत होती.

"काकी, त्यो न्हाई म्हणत हुता. म्याच ओढला त्याला."

तिनं सूप खाली ठेवलं.

"ठावं हाय मला. दमला की त्यो जेवायलाबी उठायचा न्हाई. म्या वाट बगत हुते, तू कवा सांगशील."

तिनं मला त्याच्या हातातून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या फडताळात आहे. कधीकधी ती माझ्यात हात घालते आणि तशीच बसून राहते.

पहिल्यांदा बर्फावर निघालेल्यांनो, चांगले हातमोजे घ्या, बूट पायाला नीट बसवून घ्या, दोन दिवस थांबायलाच शिका. पण सोबतचा माणूस नको म्हणाला, तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर खाली या.

सोमनाथ रोज सकाळी सगुणाबाईचं पाणी भरून देतो. ती त्याच्याशी बोलत नाही. दार मात्र उघडं ठेवते.