व्याह्याच्या पोटाचं माप

आमच्या घरी ह्यांच्या कोटाची खुंटी वेगळी आहे. तिच्यावर दुसरं काही टांगायचं नाही, बाळाचं झबलंसुद्धा नाही.

पांढुर्ण्यात ह्यांच्या वयाचे पुरुष बुशशर्ट घालतात, फार तर लेंगा-सदरा. ह्यांचं वय सत्तावीस, नोकरी पोस्टात, आणि पोशाख आजोबांच्या लग्नाच्या वेळचा. गुडघ्यापर्यंत लांब, बंद गळ्याचा काळा कोट, खाली पायघोळ धोतर, खांद्यावर चुण्या घातलेलं उपरणं, काळी टोपी, पायात पंप शू. सणासुदीला नव्हे, रोज. बाजारात वांगी आणायलासुद्धा. बैठकीत आजोबांचा फोटो आहे. त्याच्याकडे बघत बघत हे मोठे झाले आणि मोठे होऊन त्या फोटोत शिरले.

लोकांना काय, विषयच हवा असतो.

"काय मोरेश्वरराव, इंग्रज जाताना कोट तुमच्यापाशीच ठेवून गेले काय?"

"नाटक कंपनी कुठं उतरली जी?"

हे शांतपणे म्हणतात, "कापड चांगलं आहे." आणि पुढे जातात.

मागच्या नोव्हेंबरात राज्यं फिरली. नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही भोपाळच्या पदरात पडलो. भाऊबीजेला माझा भाऊ काटोलहून आला, तर परराज्यातून आला म्हणून सासूबाईंनी त्याला एक लाडू जास्त वाढला. त्या दिवसांत चौकात, गावातली लग्नं जुळवणारे भैय्याजी म्हणाले म्हणे, "राज्य बदललं, राजधानी बदलली, साहेब बदलले. एक मोरेश्वरचा कोट तेवढा टिकून राहिला बाप्पा."

पण तो कोटही नवाच होता, हे भैय्याजींना ठाऊक नव्हतं. ह्यांचे म्हातारे टेलर नजर गेल्यावर मुलाकडे नागपूरला राहायला गेले. इथले बाकीचे टेलर असा कोट शिवायला राजी होईनात. एकानं शिवला तर गळा उघडा करून दिला आणि वर म्हणाला, आता हेच चालून राहिलं. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग मीच ह्यांचा जुना कोट उसवला, एकेक तुकडा जमिनीवर मांडून पाहिला, आणि माहेरहून आणलेल्या हातमशीनवर तस्साच नवा शिवला. बाळ मांडीवर, कापड गुडघ्यावर. काटोलला पोलकी-परकर शिवून बसलेला हात, त्याला कोटाचा मुंढा काही जमेना. बाही लावली की मागून वाटे हे कोणाला तरी हाक मारताहेत. पण शेवटी जमला.

सासूबाईंनी, म्हणजे अंबाबाईंनी, कोट उलटासुलटा करून पाहिला. म्हणाल्या, "झाला वं माय चांगला. पण बाहेर सांगू नको. पुरुषाचा कोट बायको शिवून राहिली म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" तेव्हा कोट नागपूरहून आला, असं ठरलं.

विजयाला, माझ्या नणंदेला, पाहायला सौंसरचे लोक आले ते त्यानंतर. मामंजी हयात नाहीत, म्हणून वडिलांच्या जागी हेच बसले. मुलगा हेमंत, सौंसरला मास्तर. वडील रघुनाथराव, संत्र्यांच्या बगीच्यांचे मालक. येताना टोपलीभर संत्री घेऊन आले होते. हेमंतरावांनी विजयाला विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" ही म्हणाली, "संत्री. पण आंबट नकोत." समोर त्यांचीच संत्री ताटात. आणि हेमंतराव जे हसत सुटले, ते जाईपर्यंत हसत होते. त्या दिवसापासून विजया भाकरी थापता थापता मध्येच थांबते आणि भाकरी जळते.

रघुनाथरावांचं मन मात्र कळेना. मध्यस्थ भैय्याजीच होते. त्यांनी हळूच सांगितलं होतं, की वरूडची एक मुलगीही त्यांच्या नजरेत आहे. पण उठता उठता रघुनाथरावांनी ह्यांच्या कोटाच्या बाहीवरून हात फिरवला आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"असा कोट माझ्या वडिलांचा होता. हुंडा नको, पोशाख नको. याच हाताचा असा कोट व्याह्याच्या मानाचा म्हणून द्या. अंगात बसला, की त्याच दिवशी तिथी काढू."

सासूबाईंनी दाराआडून माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं.

खरी अडचण नंतर कळली. रघुनाथरावांना टेप चालत नाही. मागे सौंसरच्या भरबाजारात एका टेलरनं त्यांच्या पोटाचं माप घेतलं आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे आकडा मोठ्यानं पुकारला. दुकानात बसलेले हसले, समोरच्या दुकानातले हसले, आणि कोणीतरी रस्त्यावरून विचारलं, "मानसाचं होय का धान्याच्या कनगीचं?" तेव्हापासून ते बंडीवर आणि ढगळ सदऱ्यावर दिवस काढताहेत. भैय्याजी म्हणाले, "टेपचं नाव काढाल, तर वरूडचं लगन समजा."

बाकीची मापं मी नजरेनं घेतली होती. उंची ह्यांच्या शेजारी उभे होते तेव्हा, खांदे दाराच्या चौकटीवरून, बाही त्यांनी चहाचा कप घेताना. पण पोट! बसले तेव्हापासून लोड मांडीवर घेऊन बसले होते बाई. पोट कुठे संपतं आणि लोड कुठे सुरू होतो, काही कळायला मार्ग नव्हता.

उपाय माझाच. संक्रांत चार दिवसांवर होती.

मी म्हटलं, "तिळगूळ घेऊन सौंसरला जा. तिळगूळ दिला की गळाभेट होतेच. पोटावरून हात घाला आणि बोटं कुठवर येतात तेवढं ध्यानात ठेवा. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाला लागली, की कोपराला, एवढंच मला सांगा."

ह्यांनी दोनदा माझ्यावर करून पाहिलं. सासूबाई स्वयंपाकघरातून खाकरल्या.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ह्यांनी, हेमंतरावांनी आणि मोटारीतल्या सावरगावच्या पंचफुलाबाईनं मला ते तीन तऱ्हांनी सांगितलं आहे, आणि तिघांत पंचफुलाबाईवर माझा जास्त विश्वास आहे.

तिळगूळ दिला, जेवण झालं, पण दिवसभर मांडीवर लोड. भेट झाली ती शेवटी मोटार स्टँडवर, मोटार सुरू झाल्यावर. ह्यांनी रघुनाथरावांना कव घातली. आणि बोटं मनगटाला नाही, कोपराला नाही, एकमेकांनासुद्धा लागली नाहीत! मध्ये मोकळी जागा राहिली. आता मोकळी जागा ध्यानात कशी ठेवायची? दुसरा कोणी असता तर अंदाज केला असता. पण हे कमरेत अर्धा इंच ढिलं झालं तर कोट परत उसवायला लावणारे. ह्यांनी हात होते तसेच ठेवले, कंडक्टरनं ह्यांना मागून आत ओढलं, आणि ते गोल हात घेऊन हे बाकावर बसले.

"हात खाली घ्या जी, लोकाइले लागून राह्यले."

"घेता येत नाहीत."

"तिकिटाचे पैसे?"

"डाव्या खिशात आहेत. तुम्हीच काढा."

समोर पंचफुलाबाई टोपलं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. शेवटी राहवेना.

"काय धरून ठेवलं जी भाऊ?"

खोटं बोलायचं नाही, हा ह्यांचा दुसरा जुनेपणा. म्हणाले, "व्याह्यांचं पोट."

पंचफुलाबाई टोपल्यासकट मागे सरकली.

"धरलं बाप्पा याले."

"कोनं?"

"कोनं म्हंजे? कपडे पाह्य न त्याचे! असे कपडे जिता मानूस घालते काय? जुनं कोनीतरी मोठं मानूस होय ते. अंगात शिरलं त्याच्या."

एकजण ह्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकायला गेला, तर चौघी ओरडल्या, "तिथं नोको बसू! तिथं कोनी हाय!"

पुढे जामसांवली आलं, तिथल्या मारुतीपुढे बाधा उतरते म्हणतात. मोटारीतली माणसं वाईट नव्हती. स्वतःचा खोळंबा करून त्यांनी ह्यांना उचललं आणि मारुतीच्या देवळाबाहेरच्या झाडाखाली बसवलं. कोणी पाणी शिंपडलं. "वारा लागू द्या" म्हणून कोणी कोटाच्या गुंड्या काढायला लागलं, तेव्हा मात्र हे ओरडले, "गुंडीला हात लावू नका, काज नाजूक आहे!" पंचफुलाबाई म्हणते, तिथं माझी खात्री झाली.

एका म्हाताऱ्यानं समोर बसून दरडावलं, "कोन होय तू? नाव सांग!"

"मी मोरेश्वर."

"तू नाई. हातातला कोन होय?"

"रघुनाथराव."

"कुठला?"

"सौंसरचे."

गर्दीत एक सौंसरचा सायकलवाला होता. तो म्हणाला, "रघुनाथराव? सकाळी तं चांगले दिसले मले!" कोणी तरी म्हटलं, "मंग दुपारी गेले असतीन." सायकलवाला सौंसरकडे सुटला.

रघुनाथराव ओसरीवर संत्रं सोलत बसले होते. आपण गेलो आणि जामसांवलीला पांढुर्ण्याच्या माणसाच्या अंगात आलो, हे ऐकून त्यांनी संत्रं खाली ठेवलं, दमणी जुंपायला सांगितली, आणि हेमंतरावांना घेऊन निघाले. ते झाडाखाली येऊन उभे राहिले, तेव्हा दोन बायका पळाल्या.

"मोरेश्वरराव! हे काय करून राहिले तुम्ही?"

हेमंतराव सांगतात, इतका वेळ गंमत होती, पण तेव्हा ह्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली. टेपचं नाव निघालं, तर सगळं मोडणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "बाबा, घरी जाऊन बोलू." पण ह्यांना काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की हे खरं बोलतात.

"तुमच्या पोटाचं माप आहे. टेप लावला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून असंच घेऊन चाललो होतो."

बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी हलली.

"आकडा कोणाकोणाला सांगितला?" रघुनाथरावांनी विचारलं.

"आकडा मलाच माहीत नाही. आकडा नाहीच यात. नुसती जागा आहे."

रघुनाथरावांनी त्या हातांकडे पाहिलं. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. मग उपरणं हेमंतरावांकडे दिलं, वाकून ह्यांच्या हातांच्या कड्यात शिरले आणि सरळ उभे राहिले. आता, इतका वेळ धरून धरून ह्यांचे हात ढिले पडले होते, कडं चांगलं पसरलं होतं. चारी बाजूंनी वारा खेळला.

रघुनाथराव लाल झाले.

"एवढा? एवढा दिसलो मी तुम्हाला? अहो, यात माझा बैल मावेल! कुठे आहे टेप? आणा टेप! होऊन जाऊ द्या आकडा सगळ्यांसमोर!"

जामसांवलीत टेप कुठून मिळणार! "मग चला पांढुर्ण्याला," रघुनाथराव म्हणाले. "तुमच्या टेलरला नागपूरला निरोप जाईपर्यंत मी हा आळ सोसणार नाही. कोणाच्याही घरचा टेप चालेल."

दिवेलागणीला दमणी आमच्या दारात. मागोमाग भैय्याजी, शेजारपाजार, आणि शेवट पाहायला हवा म्हणून पंचफुलाबाई. मला काही कळवलेलं नव्हतं. मी बैठकीतच मशीन घेऊन बसले होते. जमिनीवर कोटाचे तुकडे पसरलेले, पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, पुढचे दोन भाग पोटावाचून अडलेले, आणि बाळ अस्तरावर पालथं पडून टेप चोखत होतं.

रघुनाथराव दारातच थांबले. तुकड्यांकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या दोऱ्यांकडे पाहिलं.

"नागपूरचा टेलर हाच काय?"

सासूबाई म्हणाल्या, "त्याचं असं आहे..." आणि पाट मांडायला लागल्या. विजया स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिच्या हातातला तांब्या कलला होता आणि पाणी पायावर सांडत होतं, तिला कळत नव्हतं. मी पदर नीट घेतला, बाळाच्या तोंडातून टेप काढला, पुसला, आणि रघुनाथरावांसमोर पाटावर ठेवला.

"मामाजी, मी हात लावणार नाही. टेप तुम्हीच कमरेभोवती घ्या. मी फक्त पाहते."

त्यांनी श्वास आत घेतला.

"श्वास सोडा मामाजी. कोटात जेवायचंही आहे."

कोणी तरी फिस्सकन हसलं. भैय्याजींनी मागे वळून डोळे वटारले. रघुनाथरावांनी श्वास सोडला. मी वाकून आकडा पाहिला आणि टेपवर नख दाबून खूण केली. बैठक, ओसरी, रस्ता, सगळीकडे माणसं माना उंच करून उभी.

"किती?" रघुनाथरावांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता.

मी म्हटलं, "ह्यांनी हातात आणलं, त्याहून पुष्कळ कमी."

रघुनाथराव सावकाश वळले. आधी पंचफुलाबाईकडे पाहिलं, मग बाकी सगळ्यांकडे.

"ऐकलं?" म्हणाले. मग लोड बाजूला सारून बसले. "भैय्याजी, कोट बसायचा तो बसेल. शिवणारा हात घरातच आहे, नाही बसला तर उसवू. तिथी आताच काढा. अन् वरूडला कळवून टाका, राज्य वेगळं पडलं म्हणावं, जमत नाही."

विजया आत पळाली. तांब्या पडल्याचा आवाज आला आणि ओसरीवर हेमंतराव पुन्हा हसायला लागले.

ह्यांचे खांदे आठ दिवस दुखत होते; मी तेल चोळत होते आणि हे विचारत होते, काज तर उसवलं नाही ना.

कोट मी माघाच्या आधी पुरा केला. आकडा कोणालाच सांगितला नाही, ह्यांनासुद्धा नाही. फक्त बाजूच्या शिवणीत आत चार बोटं कापड दाबून ठेवलं आहे. लग्न पांढुर्ण्याला आहे, आणि बुंदी सासूबाई स्वतः पाडणार आहेत.