लाल दोऱ्याची बरणी

चूक शनिवारी झाली. पाप रविवारी. दोन्हींतला फरक मला तेव्हाही कळत होता, म्हणून तर झोप लागत नाही.

आमच्याकडे फादर आन्सेल्मो दोन महिन्यांतून एकदा येतात. त्यांच्या गळ्यात त्रेचाळीस वाड्या, बुडाखाली खिळखिळी मोटारसायकल, आणि कंबर कायमची दुखरी. ते नसतात त्या रविवारी चॅपल उघडायचं, शुभवर्तमान वाचायचं, त्यावर चार शब्द बोलायचे आणि फादरांनी मिस्सात, म्हणजे त्यांनाच करता येणाऱ्या उपासनेत, अर्पिलेलं ख्रिस्तशरीर लोकांना द्यायचं, हे काम वचनसेवकाचं. म्हणजे आमच्यातल्याच कुणाचं तरी. दोन वर्षांपूर्वी लोकांनी माझं नाव घेतलं. मी सहावी शिकलेली, आवाज खणखणीत. माहेर वरच्या वाडीतलं, सासर खालच्या.

"दोन्हीकडच्या शिव्या खायला एकच बाई हवी होती त्यांना," माझा नवरा विल्मेर म्हणाला.

दोन्ही वाड्यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोची मूर्ती सहा महिने वर, सहा महिने खाली, ही जुनी रीत. एका कोरड्या साली खालच्यांनी ती परत पाठवलीच नाही. आधी आमचा मका जगू दे, म्हणाले. वरच्यांनी चॅपलला येणं सोडलं आणि पत्र्याची शेड घालून वेगळी प्रार्थना सुरू केली. तोच देव, त्याच ओळी, मध्ये एक चढ.

माझी आबी पोटात होती तेव्हापासून मी समेटासाठी तो चढ चढत होते. पुढे तिला शालीत पाठीशी बांधून. वरचं सगळं एका बाईच्या शब्दावर अडलं होतं. डोन्या ओबदुलिया, माझी धर्ममाय. माझ्या बाप्तिस्म्याला तिनेच मला हातावर धरलं होतं.

"मूर्ती वर आली पाहिजे," ती म्हणायची. "आणि आम्हाला मागच्या बाकांवर नाही बसायचं. तुझी सासू काय म्हणाली होती ठाऊक आहे? वरच्यांच्या पायांना चिखल असतो म्हणे. तिच्या पायांना काय, साखर लागते?"

"तुम्ही पुढे बसा, माय. रांगेतसुद्धा तुम्ही आधी. शब्द देते."

कोपऱ्यात तिचा नवरा सेफेरिनो टोपलीचा काठ विणत बसलेला असे. तो हळूच म्हणाला, "जाऊ या ना. मरायच्या आधी एकदा तरी त्या चॅपलात गुडघे टेकू दे मला."

"तुझे गुडघे वाकतात तरी का?" ओबदुलिया म्हणाली. पण त्याच दिवशी तिने होकार दिला.

एरवी मी पॅरिशच्या गावाहून ओस्ती, म्हणजे अर्पिल्यावर ख्रिस्तशरीर होणाऱ्या पिठाच्या पातळ चकत्या, गळ्यातल्या छोट्या डबीत आणते. या वेळी दोन्ही वाड्यांची माणसं येणार, सव्वाशेच्या वर. मठातल्या सिस्टरने रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी दिली. तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला. "यात प्रभू आहे, इदालिया. सांभाळून." मग तशीच दुसरी बरणी दिली, दोरा नसलेली. तिच्यात साध्या ओस्ती, अजून न अर्पिलेल्या; फादर पुढच्या वेळी येतील तेव्हा मिस्साला लागतील म्हणून. दोन्ही पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मी अडीच तास चालत आले.

चॅपलच्या दारात नणंद रेइना उभी होती, कडेवर आबी, रडून निळी पडलेली. "घे गं बाई तुझा कर्णा. सकाळपासून वाजतोय." तो आवाज ऐकूनच माझा ब्लाउज दुधाने भिजला. एका हाताने पोरीला छातीशी धरून मी दुसऱ्या हाताने फडकं सोडलं. एक बरणी पवित्र पेटीत ठेवली, किल्ली फिरवली. दुसरी कपाटात, मेणबत्त्यांच्या जुडग्यांशेजारी. पेटीपुढचा दिवा लावला. गुडघा टेकून क्रूसाची खूण केली.

नुसत्या पिठापुढे.

रविवारी वरची माणसं ओळीने उतरताना दिसली तेव्हा खालच्या बायका अंगणात गप्प उभ्या होत्या. माझी सासू, डोन्या फिदेलिना, दारातच होती. ओबदुलियाच्या पायांकडे बघून ती म्हणाली, "नवीन चपला वाटतं?"

"धुतलेल्या आहेत," ओबदुलिया म्हणाली. "वास घेऊन बघायचाय का?"

मी दोघींच्या मध्ये सरकले. मग सासू फस्कन हसली, आणि ती हसली तसं सगळं अंगण हसलं. वरचे पुढच्या बाकांवर बसले. मी शुभवर्तमान वाचलं, एका भाकरीचे आपण सगळे वाटेकरी, यावर बोलले. चांगलं बोलले. आज आठवलं की जीभ भाजते.

रांग लागली. ठरल्याप्रमाणे वरचे आधी. सेफेरिनो पहिला, खांद्याला धरून आणलेला. त्याने दोन्ही गुडघे टेकले. कसे टेकले त्यालाच माहीत. "ख्रिस्ताचं शरीर," मी म्हटलं. "आमेन," तो म्हणाला, आणि डोळे मिटून बराच वेळ उठलाच नाही. मागे ओबदुलिया. मग एकेक करत चाळीसेक माणसं.

तेवढ्यात मेणबत्ती विझली म्हणून रेइनाने कपाट उघडलं. माझी नजर सहज गेली. मेणबत्त्यांशेजारी बरणी. गळ्याला लाल दोरा.

माझे हात थांबले. समोर वरच्या वाडीतली शेवटची बाई तोंड उघडून उभी. तिच्यामागे माझी सासू, मग खालचे सगळे.

थांबायचं होतं. 'चुकले, दुसरी बरणी आणते,' एवढंच म्हणायचं होतं. पण बाकीचे वरचे घेऊन झाले होते. म्हणजे वरच्यांना कोरडी चकती आणि खालच्यांना प्रभू? सहा वर्षांनी पहिल्यांदा बोलावून? ही चूक होती हे कुणाला पटलं असतं? परत रांग लावा म्हटलं असतं तर लावली असती त्यांनी? नसती, असं मी स्वतःला सांगितलं. हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं, आणि पुढच्या श्वासात मी म्हटलं, "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," ती बाई म्हणाली.

ते नव्हतं. मला माहीत होतं की ते नव्हतं. तरी मी ऐंशीहून जास्त वेळा तेच म्हटलं, आणि ऐंशीहून जास्त माणसं आमेन म्हणाली.

नंतर मूर्ती उचलली. पालखीचा एक दांडा सेफेरिनोने धरला, दुसरा माझ्या सासऱ्यांनी. वर नाकातामाल शिजले होते, मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधलेले, कॉफीचा हंडा होता. आबी या हातातून त्या हातात फिरत होती. वरचे-खालचे असा भेद कुणाला उरला नव्हता. "खा की गं," सगळे म्हणत होते, "तुझंच तर हे काम." मी पानाची गाठ सोडलीच नाही. संध्याकाळी एकटी चॅपलमध्ये गेले, लाल दोऱ्याची बरणी पेटीत ठेवली. रात्रभर आणि अख्खा दिवस प्रभूला मेणबत्त्यांच्या शेजारी ठेवलं होतं मी.

पुढच्या रविवारी खरं देऊ, मग फादर आले की त्यांना सांगू, मिटेल सगळं, असं मी ठरवत होते. गुरुवारी सकाळी सेफेरिनो कॉफीच्या झाडांमध्ये पडला तो उठलाच नाही.

मयताला ओबदुलिया रडली नाही. माझे हात धरून म्हणाली, "रविवारी घेतलं ना त्याने. सहा वर्षांनी. तू दिलंस पोरी. आता मला काळजी नाही."

मी हो म्हणून मान हलवली. ते दुसरं पाप.

तीन आठवड्यांनी फादर आले. चॅपलमागच्या पेरूखाली मी त्यांना सगळं सांगितलं, आबी त्यांच्या चष्म्याला झोंबत असताना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पापाची क्षमा उच्चारली.

"देव तुझ्या बरणीत कोंडलेला नाही," ते म्हणाले. "सेफेरिनोची त्याने सोय केली असेल. गप्प राहा, इदालिया. वाड्या परत फुटतील."

"फादर, माझी चूक तुम्ही पुसलीत. त्यांचं काय? त्यांनी आमेन म्हटलंय. मोठी माणसं आहेत ती. कशाला आमेन म्हटलं हे त्यांना कळायला नको?"

त्यांनी आबीच्या मुठीतून चष्मा सोडवला. "मी सांगणार नाही, पापकबुलीत ऐकलेलं मला सांगता येतही नाही. तुला सांगायचं असेल तर मिस्साच्या आधी सांग." मग म्हणाले, "आणि ओबदुलियाला आधी. एकटीला."

ती अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत होती. मी बोलत होते तेव्हा तिचे हात थांबले नाहीत. बोलणं संपलं. दाणे टोपल्यात पडत राहिले, टप, टप.

"म्हणजे त्याने काय खाल्लं?" तिने विचारलं.

"पीठ, माय."

"आणि तुला माहीत होतं."

"त्याला दिलं तेव्हा नव्हतं. नंतर होतं. तुम्ही मयताला बोललात तेव्हा होतं."

तिने एक शेंग उचलली, तशीच खाली ठेवली. "रात्री दोनदा म्हणाला तो, ओबदुलिया, आज पोटात दिवा लावल्यासारखं वाटतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा तू."

मी गेले. उतारावर आबी पाठीवर खिदळत होती, आणि मला तिचंसुद्धा वाईट वाटत होतं, की हिला अशी आई मिळाली.

मिस्साच्या आधी मी पुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चांगलं नाही बोलले. दोनदा शब्द अडकले. आधी कुणाला कळलंच नाही, मग गलका झाला. वरचा एकजण ओरडला, "बघा, आम्हाला पीठ चारलं!" खालून उत्तर आलं, "आम्हालाही तेच मिळालं, बहिरा आहेस का?" दोघे-तिघे उठून दाराकडे निघाले. माझ्या सासूने शालीत तोंड लपवलं होतं.

"बसा," ओबदुलिया म्हणाली. ती आली आहे हेही मला दिसलं नव्हतं. "माझा माणूस ते खाऊन मेला. ओरडायचंच असेल तर मी ओरडायला पाहिजे, आणि माझा अजून विचार चाललाय. तोवर सगळे बसा."

दोघे बसले. तिसरा गेला तो गेलाच. तो अजून येत नाही.

फादर बाजूला खुर्चीवर बसून राहिले. ठरवलं ते लोकांनी. वर्षभर मी ख्रिस्तशरीर कुणाला द्यायचं नाही; वाचन तेवढं करायचं. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली वर ओबदुलियाकडे, एक खाली माझ्या सासूकडे. दोघी आल्याशिवाय उघडायचं नाही. हात वर करा म्हटलं तर दोन्हीकडचे सगळे हात वर गेले. सहा वर्षांत या माणसांनी मिळून ठरवलेली ही पहिली गोष्ट. माझी शिक्षा.

गळ्यातली किल्ली काढून दिली तेव्हा मान हलकी वाटली नाही. उघडी वाटली.

मिस्सा झाली. रांगेत मी सगळ्यांच्या शेवटी उभी होते, कडेवर आबी चुळबुळत, एका हाताने माझे केस ओढत. ओबदुलिया घेऊन परत येत होती. माझ्यापाशी थांबली.

"दे तिला इकडे."

"असू दे, माय."

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "अजून नाही. पण पोर कडेवर असताना नीट घेता येणार नाही तुला. एकदा गडबड केलीस तेवढी पुरे. दे."

मी आबीला दिलं. आबीने लगेच तिच्या काळ्या शालीत नाक खुपसलं. मी मोकळे हात घेऊन पुढे झाले.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

आमेन म्हणायला मला बराच वेळ लागला.