शेततळ्याचा केक

मी केकची फळी बोलतेय. केक नव्हे. केकचं कौतुक करायला पुष्कळ जण असतात. त्याच्या खाली गपचूप पडून असते ती मी.

माझा जन्म काही नाजूक घरातला नाही. मेंढ्या कातरायच्या जुन्या शेडमध्ये मी जमिनीला ठोकलेली होते. हजारो मेंढ्या माझ्यावरून फरफटत गेल्या, त्यांच्या लोकरीचं तेल माझ्यात मुरलं आणि मी गुळगुळीत झाले. शेड पाडली तेव्हा डगने मला बेताची कापली, कोपरे घासले आणि बायकोसमोर धरली.

"घे. पाहुण्यांपुढे तो पोचा आलेला ट्रे नको आणूस आता."

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि हा बायकोला भेट काय देतो, तर फळी! पण मॅरियन खूश झाली. तिने मला गरम पाण्याने घासलं, चंदेरी कागदात गुंडाळलं आणि त्या रविवारी माझ्यावर पहिला केक ठेवला. तेव्हापासून त्या घरी आलेला पाहुणा माझ्यावरचं खाल्ल्याशिवाय गेला नाही. बायका "नको गं, पुरे" म्हणायच्या आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्या कडेचं आयसिंग बोटाने चाटायच्या. मी कधी चहाडी केली नाही.

त्यांना मुलगा झाला, फर्गस. तो पेन्सिल धरू लागला तसा घरात एक नियम आला. वाढदिवसाच्या आधी त्याने केकचं चित्र काढायचं आणि आईने तो केक तसाच्या तसा करायचा. पाचव्या वर्षी ट्रॅक्टर झाला. सहाव्या वर्षी कांगारू झाला, पण माझ्यावर ठेवताना त्याची मान मोडली. मॅरियनने त्याच्या गळ्यात लाल आयसिंगचा मफलर बांधला, आणि सगळ्या पाहुण्यांनी त्या मफलरचंच कौतुक केलं.

सातव्या वाढदिवसाचं चित्र त्याने फार लवकर काढलं. वाढदिवस मार्चअखेर, आणि फेब्रुवारीतच कागद आईच्या हातात. आमचं शेततळं होतं ते. तपकिरी काठ, निळं पाणी, काठावर मेंढ्या आणि पाण्यात एक मुलगा. त्याचा एक हात वर होता.

त्याच आठवड्यात फर्गस एकटाच तळ्यावर गेला. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा; उन्हाने रान भाजून निघत होतं आणि मोठी माणसं मेंढ्यांच्या मागे होती.

नंतर घरात खूप केक आले. दुःखाच्या घरी खाणं न्यायची तिथली रीत, म्हणून सगळ्या गावाने आपापल्या डब्यांतून आणून दिले. ते कुणी खाल्ले नाहीत.

डगने तळ्याभोवती सहा तारांचं कुंपण घातलं. मुलाचे फोटो माळ्यावर गेले. मॅरियनने ते चित्र माझ्या खणात तळाला अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं आणि वर मला ठेवलं. दर मार्चअखेरीस ती मला बाहेर काढायची, चंदेरी कागदात गुंडाळायची, एकेक सुरकुती बोटाने सपाट करायची आणि माझ्यावर काहीच ठेवायची नाही. टेबलाशी उभी राहायची. मग कागद सोलून मला परत खणात ठेवायची. त्या घरात भूत असेल तर ते मीच, असं मला वाटू लागलं.

दोन वर्षांनी टेसा झाली. भावाचं तिला कुणी सांगितलंच नाही. गावातल्या बायकांनी आपापल्या मुलांना दटावून ठेवलं होतं. मला वाटायचं, सांगा की कुणीतरी! पण फळीचं कोण ऐकतो?

टेसाचा सातवा वाढदिवस जवळ आला होता. आपला केक केवढा मोठा होईल ते बघायला तिने मला खणातून ओढलं आणि खालचा कागद फाटला.

"आई! हे मी कधी काढलं होतं?"

मॅरियनच्या हातात पिठाची चाळण होती. ती तशीच राहिली.

"लहानपणी काढलं असशील," ती म्हणाली.

"मला आठवतच नाही. पण भारीये! हाच केक पाहिजे मला. हा मुलगा बघ, टाटा करतोय."

पार्टीच्या आदल्या दिवशी दुपारी मॅरियन चॉकलेट केकला मधोमध खळगा करत होती. डग हात धुवायला आत आला आणि टेबलावरचं चित्र बघून जागीच थांबला.

"मॅरियन, वेड लागलंय का तुला?"

"मुलांनी काढलं ते करायचं. नियमच आहे."

"तिने काढलंय का ते?"

"पाणी जरा हळू सोड. माझ्या जेलीवर उडतंय."

तो दार आपटून बाहेर गेला. मॅरियनने खळग्यात निळी जेली ओतली, मार्शमेलोच्या मेंढ्या उभ्या केल्या आणि साखरेचा मुलगा वळला. त्याच्या कानांवर ती फार वेळ काम करत होती. शेवटी काठावर बिस्किटांच्या काड्या रोवून तिने त्यांना आयसिंगच्या सहा तारा ओढल्या.

"चित्रात कुंपण नाहीये," टेसा म्हणाली.

"या तळ्याला असणार."

"मग तो मुलगा आत गेला कसा?"

मॅरियनने सहावी तार पुसून परत ओढली. 

दुसऱ्या दिवशी मुलं आली, त्यांच्या आया आल्या. रंगीत साखरदाणे लावलेला लोणी-पाव बघता बघता संपला. मग मॅरियन मला दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. मुलं मेंढ्या बघून "बें बें" ओरडू लागली.  डगची बहीण आयरीन मात्र कप खाली ठेवायला गेली आणि चहा बशीत सांडला.

टेसाने मेणबत्त्या विझवल्या, सुरी घेतली आणि दाबली. जरा जास्तच दाबली. कागद फाटून पातं माझ्यात रुतलं.

"टेकली! सुरी टेकली!" सगळी ओरडली. तिथला रिवाजच आहे, सुरी खाली टेकली की जवळच्या मुलाला पापी द्यायची. जवळ शेजारचा वॉरन होता. तो टेबलाखाली पळाला.

"ए भित्र्या! तू हवायस कुणाला?" टेसा म्हणाली. "माझ्या जवळचा मुलगा तर हा आहे."

तिने जेलीतला मुलगा उचलला आणि त्याच्या गालाची पापी घेतली.

"काय रे, नाव काय तुझं?"

मुलं हसली.  दारात डग उभा होता.

"फर्गस," मॅरियन म्हणाली.

नऊ वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. ती थांबली नाही.

"तुझा भाऊ, टेसा. तुझ्या आधीचा. मी तुझ्याशी खोटं बोलले, ते चित्र त्याचं आहे. तो आपल्या तळ्यात बुडाला."

आयरीन रडू लागली. डग पुढे आला आणि मॅरियनच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. टेसा हातातल्या मुलाकडे बघत होती. त्याच्या पायाला निळी जेली चिकटली होती. ती तिने फ्रॉकला पुसली.

"मग याला परत पाण्यात नको ठेवू या," ती म्हणाली, आणि तिने त्याला माझ्या कोरड्या कडेवर उभं केलं.

तेव्हापासून माझ्यावर वर्षाला दोन केक होतात, एक टेसाचा आणि एक फर्गसचा. मी आता काळी पडलेय, एका टोकाला चिरलेय. माझं एकच मागणं आहे, त्या दोघांपैकी कुणाचाही केक कापताना सुरी मला टेकेपर्यंत जोरात दाबा.