पोरगी कोणाची

फ्यू फ्यूला चार दिवस ताप होता, आणि तिची आई यिन म्यो तिला दवाखान्यात न्यायला तयार नव्हती. गल्लीच्या तोंडाशी सकाळपासून पोलिसांचा ट्रक उभा होता. यिनच्या कामाच्या परवान्याची मुदत संपून दोन महिने झाले होते.

मी थायलंडमधल्या महाछाईत आठ वर्षं कोळंबी सोलली. थाई बोलायला शिकले, म्हणून सरकारी दवाखान्याने मला आमच्या बर्मी लोकांसाठी दुभाषी म्हणून घेतलं. शेजारणीचा निरोप आला तशी मी यिनच्या खोलीवर धावले. श्वासागणिक पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ओठ निळसर पडले होते.

"यिन, ऊठ. दवाखान्यात कोणी पोलिसांना बोलवत नाही."

"तू तिथलीच ना ताई. तू असंच म्हणणार."

गेल्या महिन्यात एका गवंड्याला मी हेच सांगितलं होतं. दवाखान्यात त्याला कोणी हात लावला नाही. परतताना पोलिसांनी पुलावर धरलं. हे मी कुणालाच बोलले नव्हते. आता यिनला सांगितलं.

तिने पोरीला माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "तू ने. तुझ्याकडे कागद आहेत. तुझीच म्हणून ने."

पोरीला कडेवर घेऊन मी निघाले. कागद माझे होते, पोरीचे नव्हते. ट्रकपाशी एका शिपायाने हात आडवा केला.

"कोणाची पोरगी?"

"माझी."

तेवढ्यात फ्यू फ्यू मागे हात पसरून रडायला लागली. "अमे, अमे." अमे म्हणजे आई; शिपायाच्या थाई भाषेतही आईला जवळपास हेच म्हणतात. शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे गल्लीत. त्याने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"जा. लवकर जा."

न्यूमोनिया होता. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. अर्जावर आईचं नाव काय लिहावं, या विचारात मी उभी होते, तर शेजारी यिन. अनवाणी, धापा टाकत.

"कशी आलीस गं?"

"ती रडली ते ऐकलं आणि निघाले. कोणी हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही."

सहाव्या दिवशी फ्यू फ्यू वाटीभर पेज प्याली. समाजसेवा विभागातल्या बाई पोरीचं विम्याचं कार्ड काढायला आल्या. त्यांनी आईचं नाव आणि पत्ता विचारला. मी ते बर्मीत सांगितलं. 

"खरं सांगू?" यिनने हळूच विचारलं.

पुलावरचा गवंडी माझ्या डोळ्यांपुढे आला. तरी मी होकारार्थी मान हलवली. यिनने खरं नाव सांगितलं, पत्ताही. मी ते एकेक करून थाईत सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं.