मागच्या गल्लीतला ओलावा

टेलिफोन केंद्रात तिला सगळे पाराबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हाक मारायला ते कोणी वापरत नसे. यंत्रांच्या खोलीची वीज आणि तापमान सांभाळणं हे तिचं काम. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा ती जाता-येता कपाटांच्या दारांना हात लावून बघायची, तेव्हापासून हे नाव चिकटलं होतं.

खोली फार मोठी नव्हती. अकरा लोखंडी कपाटं, त्यांत एकसारखी घरघरणारी यंत्रं. अर्ध्या शहराचे फोन त्यांतून जात, अग्निशामक दलाचा आणि रुग्णवाहिकेचा नंबरही. शेजारच्या खोलीत बॅटऱ्यांच्या रांगा होत्या. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत सगळा भार त्या उचलायच्या. खोली चोवीस अंशांवर ठेवायला दोन एसी होते. एक चालायचा, दुसरा राखीव. पहिल्याला झेपेनासं झालं की दुसरा आपोआप लागायचा.

त्या महिन्यात रोजच्या तापमानाचा कागद बघताना तिला एक उंचवटा दिसला. दुपारी दोन ते पावणेतीन. चोवीसवरून तीस, आणि परत चोवीस. तिने मागचे कागद काढले. असे आणखी दोन उंचवटे होते, दोन्ही दुपारचेच.

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली.

"अलार्म किती अंशांना वाजतो?" साहेबांनी विचारलं.

"बत्तीसला."

"मग तीसला काय झालं? आपोआप उतरलंय ना?"

"तेच खटकतंय, साहेब. चढलं ते समजू शकते. उतरलं कसं? दोन्ही एसी बंद पडल्याशिवाय खोली तीसवर जात नाही. आणि बंद पडलेला एसी स्वतःहून उठून कामाला लागत नाही."

साहेब हसले. "बाई, तुम्हाला थर्मामीटरसुद्धा खोटं बोलतोय असं वाटतं."

ती हसली नाही. तिथून थेट फाटकावर गेली आणि पहारेकऱ्याच्या नोंदवहीत ते तीन दिवस बघितले. कोणाचीही नोंद नव्हती. पहारेकरी चष्मा पुसत शेजारी उभा होता.

"या तीन दिवशी दुपारी कोण आलं होतं का?"

"नाही बाई." मग थोडं थांबून, "म्हणजे बाहेरचं कोणी नाही. तुमचे दाजी तेवढे येऊन गेले. मागच्या गल्लीत."

"दाजी? सही का नाही?"

"पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले. तुम्हाला सांगू नका म्हणाले." आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण सांगून बसलो.

दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. केंद्रातल्या एसींची देखभाल तेच करायचे. सहा वर्षांपूर्वी जुना मेकॅनिक निघून गेला तेव्हा साहेबांपुढे दाजींचं नाव तिनेच टाकलं होतं. हातात कसब होतं, बोलणं कमी, काम स्वच्छ. एवढ्या वर्षांत नोंदवहीत सही न करता दाजी कधी आत आले नव्हते.

त्या संध्याकाळी तिने ताईला फोन केला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "दाजी काय करतायत सध्या?"

"शीतगृहाचं काम आलंय म्हणतात," ताई म्हणाली. "दुपारी जेवायलासुद्धा घरी नसतात. ऊन डोक्यावर आलं की निघाले. विचारलं तर तोंडाला कुलूप." मग तिचा आवाज खाली आला. "कोणी बाई-बिई तर नसेल ना गं?"

"या वयात? गुडघे तरी धड आहेत का त्यांचे?"

दोघीही हसल्या. पण फोन ठेवल्यावर पाराबाईने शीतगृहाला फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं की दुरुस्तीसाठी शीतगृह गेले दीड महिने बंद आहे.

मग तिची झोप उडाली. गेल्या वर्षी दोन्ही एसींना नवे कॉम्प्रेसर बसवले होते. ते काढून जुने लावले असतील का? की गॅस काढून कुठे दुसरीकडे भरला जातोय? दाजी असं करतील हे मनाला पटत नव्हतं, आणि नाही करणार असं ठामपणे म्हणताही येत नव्हतं. माणूस खोटं का बोलतो? लपवण्यासारखं असतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, गारवा असतानाच, ती मागच्या गल्लीत गेली. गल्ली अरुंद होती. एका बाजूला केंद्राची भिंत आणि तिच्याशी एसींची बाहेरची युनिटं, समोर शेजारच्या गोदामाने हिवाळ्यात उभा केलेला उंच पत्रा. युनिटांखालची माती ओली होती. एसीचं पाणी तर दुसऱ्या बाजूच्या नळीने जायचं. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं, कारण ते खरोखरच मुरत होतं. पण हसू टिकलं नाही. पर्समधली नखं रंगवायची बाटली काढून तिने दोन्ही युनिटांच्या झाकणांच्या स्क्रूंवर एकेक बारीक थेंब लावला.

चौथ्या दिवशी कागदावर पुन्हा उंचवटा होता आणि दोन्ही थेंब तडकलेले होते. झाकणं कोणीतरी उघडली होती.

तिने साहेबांना लेखी कळवलं. चार ओळींचं पत्र, त्यात नातं कुठेही लिहिलं नाही. 'देखभालीचे मेकॅनिक नोंद न करता येतात, युनिट उघडतात, चौकशी होईपर्यंत त्यांना प्रवेश देऊ नये.' खाली तिने हजेरीपटावरच्या नावाने सही केली. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे तुमचे नातेवाईक ना?"

"म्हणूनच लेखी देते आहे."

त्याच दुपारी पहारेकऱ्याने दाजींना फाटकावरून परत पाठवलं. दाजींनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "कोणी सांगितलं?" पहारेकऱ्याने खाली बघितलं. दाजी थोडा वेळ उन्हात उभे राहिले आणि निघून गेले.

रात्री ताईचा फोन आला नाही. तिनेही केला नाही.

दोन दिवस आभाळ होतं. तिसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सोडेना. साडेबाराला शहराची वीज गेली. बॅटऱ्यांनी भार उचलला, मिनिटभरात जनरेटर धडधडू लागला, एसी परत लागले. पाराबाईने वेळ लिहून ठेवली आणि डबा उघडला. दोन घास झाले असतील, तोच यंत्रांच्या खोलीतला आवाज बदलला. एसीची सूं थांबली होती. राखीव एसी लागला, वीस मिनिटं चालला आणि तोही गप्प झाला.

एक वाजता बत्तीस. अलार्म वाजायला लागला.

साहेब धावत आले. "जनरेटर कमी पडतोय का?"

तिने मीटर लावून बघितलं. विजेचा दाब बरोबर होता. "जनरेटर ठीक आहे. एसी बाहेरच बंद पडतायत."

"दुसऱ्या मेकॅनिकला बोलवा."

"बोलावलं. दोन तास लागतील म्हणाला."

दीडला पस्तीस. कपाटांच्या दारांना आता हात लाववत नव्हता. चाळीसच्या पुढे यंत्रं स्वतःला वाचवायला एकेक करून बंद होतील हे तिला माहीत होतं, आणि त्या वेळी यंत्रं कोणता नंबर महत्त्वाचा ते विचारणार नव्हती. तिने साहेबांना न विचारताच कामाला सुरुवात केली. खोलीची दोन्ही दारं सताड उघडली, कचेरीतले उभे पंखे आणून कपाटांसमोर लावले, आणि ज्या चार कपाटांवर फक्त जादा भाराच्या वेळची कामं होती ती बंद केली. रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाची कपाटं चालू राहिली. पारा छत्तीसवर रेंगाळला. पण उतरत नव्हता.

मग ती मागच्या गल्लीत गेली. भर दुपारी ती तिथे कधीच आली नव्हती. वळणावरच गरम वाफ तोंडावर आली. समोरचा पत्रा तव्यासारखा तापला होता. थोड्या वेळापूर्वी युनिटांनी फेकलेली गरम हवा पत्र्यावर आपटून तिथेच कोंडली होती. चालू असताना युनिटं हीच हवा परत आत ओढत असणार. पत्रा भिंतीपासून जेमतेम दीड हात. पत्रा उभा राहताना फाइलला लावलेल्या अहवालात 'मोकळी जागा पुरेशी' असं लिहिलेलं तिला आठवलं. खाली सही दाजींची होती.

युनिटांच्या मागे गोणपाट होतं. तिने ते ओढलं. खाली नळाला जोडलेला रबरी पाइप नीट गुंडाळून ठेवला होता, टोकाला बागेच्या झारीचं तोंड बसवलेलं.

ती त्या पाइपाकडे बघत राहिली. मग तिने पहारेकऱ्याला हाक मारली.

"दाजी किती वेळा आले होते? खरं सांगा."

"खरं सांगायचं तर बाई, ऊन वाढल्यापासून रोजच यायचे. बारा-साडेबाराला, आणि ऊन उतरेपर्यंत मागेच असायचे. कधीमधी उशीर व्हायचा त्यांना."

"मग मला तीनच दिवस का सांगितले?"

"तुम्ही तीनच दिवसांचं विचारलं होतं."

ज्या दिवशी दाजी वेळेवर आले त्या दिवशी कागदावर उंचवटाच नव्हता. म्हणून त्या दिवसांचं तिने विचारलंच नव्हतं.

तिने फोन लावला. दाजींनी पहिल्याच घंटेला उचलला.

"किती आहे आत?" त्यांनी विचारलं. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"छत्तीस. दोन्ही बंद."

"आधी दोन्हींची वीज तोड. मग पाइप सोड, जाळीवर मार, वरून खाली. पंख्याच्या मोटरीवर नको. हात लावता येईल इतकी जाळी गार झाली की उजवीकडचं झाकण काढ. आत एक लाल बटण बाहेर आलेलं दिसेल. गॅसचा दाब वाढला की ते कॉम्प्रेसर बंद करतं. ते आत दाब, झाकण लाव आणि वीज सोड."

तिने तसं केलं. पाणी जाळीवर पडताच चर्र आवाज झाला. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. स्क्रूवर तिनेच लावलेला तडकलेला थेंब तिच्या अंगठ्याखाली आला. बटण दाबलं, झाकण लावलं, वीज सोडली. क्षणभर काहीच नाही. मग युनिट हललं आणि पंखा फिरू लागला.

"लागला," ती म्हणाली.

"दुसरा दहा मिनिटांनी लाव. आणि पाणी बंद करू नकोस. ऊन उतरेपर्यंत दर अर्ध्या तासाने मारत राहा."

"दाजी, तो पत्रा."

पलीकडून कुठलंतरी दार लावल्याचा आवाज आला.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा," दाजी म्हणाले. "गोदामवाला घरी आला. फोटो दाखवला. फोटोत जागा बरी दिसत होती. मी पलंगावरूनच सही केली. ऊन वाढलं तेव्हा येऊन बघितलं, आणि कळलं काय करून बसलो ते."

"सांगायचं ना मला."

"सांगितलं असतं तर तू साहेबांना सांगितलं असतंस."

तिने खोटं बोलायचा विचार केला. "हो. सांगितलं असतं."

"मग? माझं नाव तूच सुचवलं होतंस. माझ्याबरोबर तूही तोंडघशी पडली असतीस. म्हटलं, हे चार महिने पाणी मारून निभावू."

"मला वाटलं तुम्ही कॉम्प्रेसर बदलताय."

दाजी म्हणाले, "आत जा. पारा बघ." आणि फोन ठेवला.

अडीचला तीस झाले, सव्वातीनला पंचवीस. बंद केलेली चारही कपाटं तिने एकेक करून चालू केली. त्या दुपारी रुग्णवाहिकेचे नऊ फोन गेले आणि एकही तुटला नाही. हे तिने दुसऱ्या दिवशी नोंदीत बघितलं. कोणाला सांगितलं नाही.

दाजींनी स्वतः साहेबांसमोर लिहून दिलं की जागा न बघता सही केली. साहेब चिडले, मग पाराबाईकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्ही तरी एकदा दुपारी मागे जाऊन बघायचंत." ठरलं असं की युनिटं गच्चीवर न्यायची, काम दाजींनीच करायचं आणि प्रत्येक सहीबरोबर तिची सही हवी.

ताईने मात्र आठवडाभर फोन उचलला नाही. शेवटी पाराबाई तिच्या घरी गेली. ताईने चहा दिला, समोर बसली आणि सरळच म्हणाली, "मी तुला त्यांच्याबद्दल मनातली शंका सांगितली, कारण तू माझी बहीण आहेस. तू तुझी मला का नाही सांगितलीस?"

"तू त्यांना सांगितलं असतंस म्हणून."

ताईने कपातल्या चहाकडे बघितलं. "सांगितलं असतं," ती म्हणाली. पाराबाई निघायला लागली, पण ताईने तिला उठू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात दाजी आणि पाराबाई सकाळी गच्चीवर गेले. मोकळी हवा होती, चारही बाजूंना काही आड नव्हतं. दाजींनी मोजपट्टीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुखरा गुडघा सांभाळत कठड्यापर्यंत गेले.

"दोन मीटर चाळीस," ते तिथून म्हणाले.

तिने वही उघडली, पेन काढलं आणि थांबली. मग टोक विटेखाली दाबून ती कठड्यापर्यंत चालत आली आणि वाकून आकडा वाचला. दाजींनी पट्टी तिला नीट दिसेल अशी तिरपी धरली. दोन मीटर चाळीसच होतं. तिने ते लिहून घेतलं.