ताताचा खो

खो-खोच्या तासाला माझी नात निधी रांगेत नुसती उकिडवी बसून राहते. तिच्या सातवीच्या वर्गातल्या कन्नड मुली तिला खो देतच नाहीत.

"मी हळू पळते ना, आजोबा. पण सरांना सांगू नका हं," ती म्हणाली होती.

मला राहवलं नाही. कसाबसा धीर करून मी सरांशी बोललो.

आज मैदानाच्या जाळीबाहेरून पाहत होतो. सर ओरडले, "निधीला खो द्या!" मग मुली हटकून तिलाच खो देत राहिल्या. ती धापा टाकत धावली, पण कुणीच हाती लागेना.

"घे गं, ताताचा खो!" एकजण खिदळली. ताता म्हणजे आजोबा, एवढं कन्नड मलाही कळतं.

शाळा सुटल्यावर मी दप्तर घ्यायला हात पुढे केला.

"नको," निधी म्हणाली. "उद्यापासून बसस्टॉपवरच थांबा."