डिपर

"अरे, डिपर दे! दिवे खाली घे मेल्या, इकडं माणसं आहेत!"

व्हॅन चालवणाऱ्या काकी ओरडल्या खऱ्या, पण बंद काचेआडचे ओरडणे समोरच्या जीपपर्यंत पोचणार कसे? त्यांनी स्वतःचे दिवे खाली-वर करून पाहिले. जीपवाल्याने उत्तर म्हणून टपावरचे आणखी दोन पांढरे दिवे लावले. व्हॅनची काच दुधासारखी पांढरी झाली. रस्ता गेला, शेजारचा कालवा गेला, कडेची झाडे गेली. काकींनी ब्रेक दाबून गाडी कालव्यापासून दूर ओढली आणि पुढचे चाक धाडकन चरात उतरले. मागे बाटल्यांच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून घरी निघालेल्या बायका एकमेकींवर कोसळल्या. जीप हॉर्न वाजवत निघून गेली.

"कुणाला लागलं का गं?"

"काकी, हिचा हात!"

बाटल्यांवर लेबले लावणारी एक तरुण बाई होती, तिला सगळ्या लेबलवालीच म्हणत. ती मनगट छातीशी धरून बसली होती. रडत नव्हती. दातओठ खात एवढेच म्हणाली, "त्याचा नंबर तरी घेतला का कुणी?"

"नंबर कसला घेतेस? मला माझं स्टिअरिंग दिसत नव्हतं," काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी व्हॅनच्या मालकाने बोलावणे धाडले. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता.

"काकी, आता पुरे झालं. दिवसाची फेरी घ्या, नाहीतर घरी आराम करा. रात्रीला मी एखादा जवान गडी ठेवतो."

"जवान गड्याच्या डोळ्यांना काय पडदे लावलेले असतात? तेवढा उजेड तोंडावर मारला तर घुबडसुद्धा फांदीवरून खाली पडेल."

"लोक म्हणतात, तुम्हाला दिसत नाही."

"लोकांना बरं दिसतं! जीप कुणाची ते दिसलं नाही, माझे डोळे तेवढे दिसले."

मालक टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहिला. काकींना ठाऊक होते की प्रश्न त्यांच्या एकटीच्या नोकरीचा नाही. "काकींची गाडी आहे ना, मग जा," असे म्हणून कितीतरी घरांनी सुनांना, लेकींना दुसऱ्या पाळीला पाठवले होते. उद्या त्या सीटवर कुणी परका माणूस बसला, तर निम्म्या जणी घरी बसतील. ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळतात, त्या वयात काकी गाडी शिकल्या होत्या. तेव्हाही लोक हसले होते. हसणाऱ्यांच्याच सुना आता मागच्या बाकावर बसून येत होत्या.

"मी डोळे तपासून घेते," काकी उठत म्हणाल्या. "खोट निघाली तर चावी मीच आणून देईन. तुम्हाला मागायची वेळ येणार नाही. पण तोवर चावी माझ्याकडं राहील."

घरी त्यांचे यजमान शिलाई मशीनवर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "काय दिवे लावून आलीस?"

"मी कुठं लावले? त्यानं लावले, तेच तर रडगाणं आहे!"

दोघेही हसले. मग यजमानांचे लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. त्यांनी पाण्याचा पेला स्टिअरिंगसारखा आवळून धरला होता.

"अगं, हात बघ तुझा."

"गाडी बंद केली तरी इंजिन थोडा वेळ गरम राहतंच की हो," काकी म्हणाल्या आणि पेला एका दमात रिकामा केला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळी तपासणी करून सांगितले, "मोतीबिंदूची सुरुवात आहे. धुरकट काचेवर उजेड पडला की कसा पसरतो, तसा तो तुमच्या डोळ्यात पसरतो. गाडी बंद करा असं मी आज म्हणणार नाही. पण वेग कमी ठेवा, समोरच्या दिव्यांकडे बघू नका, रस्त्याच्या आपल्या कडेची पांढरी पट्टी धरा. आणि दर तीन महिन्यांनी मला डोळे दाखवायचे. चुकवायचं नाही."

काकींनी एकही गोष्ट चुकवली नाही. व्हॅनची काच बाहेरून चकचकीत असायची, पण आतून तिच्यावर श्वासाचा आणि धुळीचा थर चढला होता. यजमानांनी मऊ चिंध्या घेऊन तो पुसून काढला. मेकॅनिककडे दिवे तपासले, तर व्हॅनचाच एक दिवा जरा वर तोंड करून होता.

"म्हणजे मीसुद्धा कुणाला तरी आंधळं करत होते की!" काकी खजील होऊन म्हणाल्या. "आधी हा खाली कर. मग मी जगाशी भांडते."

आणि त्या भांडल्या.

कालव्यावर एक अरुंद पूल होता, एका वेळी एकच गाडी जाईल असा. एका रात्री व्हॅन निम्म्या पुलावर असताना समोरून तीच जीप आली. टपावरचे दिवे तसेच भगभगत होते. काकींनी व्हॅन तिथेच थांबवली, दिवे खाली केले आणि हातब्रेक ओढला. जीपवाल्याने हॉर्न दिला. काकी हलल्या नाहीत. त्याने पुन्हा दिला, लांबलचक.

"वाजव बाबा, वाजव," काकी पुटपुटल्या. "बॅटरी तुझीच उतरेल."

शेवटी तो खाली उतरून तरातरा आला. तिशीचा, धिप्पाड गडी. "ए म्हातारे, गाडी मागं घे! दिसत नसेल तर घरी बसावं माणसानं!"

"घरीच बसणार आहे. त्याआधी तू जरा इथं बस." काकींनी दार उघडले आणि खाली उतरल्या. "ये. माझ्या सीटवर बस."

"मला वेळ नाही."

"आमच्याकडं रात्र पडलीय," मागून कुणीतरी म्हणाली. व्हॅनचे मागचे दार सरकले आणि एकेक करत सगळ्या बायका खाली उतरल्या; एक त्याच्या पाठीमागून जीपकडे सटकली, बाकीच्या त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. त्याने इकडेतिकडे पाहिले, उसने हसला आणि सीटवर बसला. बसताक्षणी त्याचा हात डोळ्यांवर गेला.

"हात खाली घे. गाडी चालवताना मला हात आडवा धरता येत नाही," काकी म्हणाल्या. "आता समोर बघ आणि सांग, तुझ्या जीपजवळ कठड्याला टेकून कोण उभं आहे?"

त्याने डोळे बारीक केले, मान वाकडी केली. "कुणी नाही."

"नीट बघ."

"नाही म्हटलं ना! कुणी नाही तिथं."

"मी आहे," त्या उजेडामागून लेबलवालीचा आवाज आला. पट्टीतला हात सावरत ती पुढे चालत आली, तेव्हा कुठे तो हात, मग तिचा चेहरा काचेपुढे दिसू लागला. "हा हात तुमच्या दिव्यांनी मोडलाय. तुम्ही थांबलासुद्धा नाहीत."

जीपवाल्याने स्टिअरिंगवरून हात काढले. त्याने माफी मागितली नाही. खाली उतरला, खाली मान घालून जीपकडे गेला, टपावरचे दिवे बंद केले आणि पुलाच्या तोंडापर्यंत जीप उलटी नेली. व्हॅन शेजारून गेली तेव्हा त्याने तोंड दुसरीकडे वळवले होते. पुढे त्या टपावरच्या दिव्यांवर काळी झाकणे दिसू लागली.

रस्त्यावर जीप काही ती एकच नव्हती. पण त्या दिवसापासून समोरून कुणी दिवे वर करून अप्पर मारत आला, की सगळी व्हॅन एका सुरात ओरडायची, "डिपर!" ऐकू कुणालाच जात नसे, पण बायकांची झोप उडायची आणि काकींना हुशारी यायची.

वर्ष सरले. एका रात्री समोर एकही गाडी नव्हती. लांबच्या खांबावरच्या दिव्याभोवती मात्र काकींना मोठे कडे दिसत होते. त्या कड्यात एक सायकलवाला होता. तो काकींना दिसला नाही. लेबलवाली किंचाळली म्हणून ब्रेक लागला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. काकींनी उरलेला रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच कापला.

डॉक्टरीणबाई या वेळी म्हणाल्या, "मोतीबिंदू काढू आपण. दिवसा खुशाल गाडी चालवाल. पण आतला पडदाही थकलाय. रात्रीचं आता नको, काकी."

काकी तिथून थेट मालकाकडे गेल्या आणि चावी टेबलावर ठेवली.

"मी मागितली नव्हती," मालक गडबडून म्हणाला.

"मागितली असती तर दिली नसती. ऐका, लेबलवालीकडं लायसन आहे. बापाचा भाजीचा टेम्पो लग्नाआधी तीच चालवायची. रात्रीची गाडी तिला द्या. जवान गडी आणलात तर उद्या व्हॅन रिकामी धावेल, सांगून ठेवते. दिवसाची फेरी माझी."

"बरं. मग रात्री तुम्ही घरी आराम करा."

"ते कुणी सांगितलं? गाडीवर तिचा हात बसेपर्यंत मी शेजारी बसणार. मला कुणी उतरवलेलं नाही. मी जागा बदलली आहे."

पहिल्या रात्री पाळी सुटली, बायका चढल्या, लेबलवालीने इंजिन सुरू करून दिवे लावले. काकी कारखान्याच्या दारातून आल्या, सवयीने गाडीच्या नेहमीच्या बाजूला गेल्या आणि दाराच्या कडीला हात घातला. काचेमागे लेबलवाली होती. दोघींची नजरानजर झाली. लेबलवाली उठू लागली, तशी काकींनी मान हलवली.

"बस, बस. आरसा तुझ्या उंचीला लावून घे."

मग त्या वळल्या आणि दुसऱ्या दाराकडे जायला व्हॅनच्या पुढून चालू लागल्या. पदर नीट केला, पाठ ताठ केली. त्या उजेडात शिरल्या तोच लेबलवालीने दिवे खाली केले. काकी घाई न करता, व्हॅनच्या नाकावर हात टेकत, पलीकडे गेल्या.